कोंबडीच्या तोंडावर खपली दिसली तर: नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

कोंबडीच्या तुऱ्यावर काळी खपली दिसली की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, "माता आलीय," म्हणजे कोंबड्यांची देवी (फाउल पॉक्स). दुसऱ्याचं, "त्या दांडगट कोंबड्यानं टोचलं असणार." आणि तिसरं कुणीतरी काही न बोलता घरातलं खरजेचं मलम काढून चोपडून मोकळं होतं. इंदूरच्या राऊ, कनाडिया, बिचोलीकडे ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे अशा आपल्या मराठी मंडळींत हल्ली हौसेनं पाच-दहा कोंबड्या पाळणारे भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "काय लावू?" असा असतो. काय लावायचं ते सर्वात शेवटी बघू. खपली कशामुळे आली हे कळल्याशिवाय औषध आणायला जाऊ नका, कारण दिसायला सारख्याच दोन खपल्यांमागे एकदा विषाणू असतो आणि एकदा तारेचं टोक.

चार गोष्टी आधी लिहून काढा. जखम नेमकी कुठे आहे? किती जणींना आहे? एका रात्रीत आली की हळूहळू वाढली? आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत खुराड्यात काय बदललं: नवी कोंबडी आणली, नवी जाळी ठोकली, पाऊस लागून राहिला, खाद्य बदललं? निम्मं निदान या चार उत्तरांतच असतं.

धरा, धुवा, मग बघा

भरदिवसा कोंबडीमागे धावू नका. ती दमते, तुम्ही चिडता, आणि पळापळीत तुरा कुठेतरी आपटून नवी जखम होते. तिन्हीसांजेला ती दांडीवर बसली की अलगद उचला, जुन्या पंच्यात पंख दाबून गुंडाळा आणि कुणाला तरी मांडीवर धरायला सांगा. छातीवर दाब येऊ देऊ नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली नाही तर तिला श्वास घेता येत नाही.

लिटरभर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दीड-दोन चहाचे चमचे मीठ विरघळवा. कापसाचा बोळा त्यात भिजवून खपलीवर मिनिटभर नुसता ठेवा. घासायचं नाही, ओढायचं नाही.

माळव्यात ही पायरी गाळून चालत नाही. आपली काळी माती पावसात चिकट होते, कोंबड्या त्यात चोच खुपसून उकरतात, आणि दुपारी ऊन पडलं की तीच माती तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खडखडीत वाळते. लांबून हुबेहूब देवीचे फोड वाटतात. ओल्या बोळ्यानं ती विरघळून खाली लाल, गुळगुळीत कातडी दिसली की प्रश्न मिटला. खपली जागेवर राहिली तर ती खरी. मग बॅटरीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. उद्या त्याच जागेचा परत काढा. जखम भरतेय की पसरतेय हे आठवणीवर सोडलं की घरातला प्रत्येकजण वेगळं सांगतो.

त्याच वेळी चोच हलकेच उघडून तोंडात बघून घ्या. आत पिवळट, दह्याच्या साक्यासारखा थर आहे का? नाकातून चिकट पाणी आणि घाण वास येतोय का? पापण्या सुजल्या आहेत का? नंतर पंखाखालची आणि गुदद्वाराजवळची पिसं फुंकर मारून बाजूला करा. तोंडावरच्या जखमेचा गुन्हेगार पुष्कळदा तिकडे सापडतो.

ही लक्षणं असतील तर निदान करत बसू नका

तोंड एकदम सुजलं, तुरा निळा-जांभळा पडला, पायांच्या नळ्यांवर रक्ताळ ठिपके आले आणि एक-दोन दिवसांत धडाधड मर होऊ लागली, तर हे बर्ड फ्लू असू शकतं. मान वाकडी होणं, हिरवट हगवण आणि धाप असेल तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा संशय घ्यावा. दोन्हींत घरगुती इलाज नाही. मेलेला पक्षी कापून बघायचा नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे सकाळच्या कचरागाडीत टाकायचा नाही. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते. तेव्हा नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला. त्यामुळे घराच्या आसपास कावळे मरत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, ती ऐकीव गप्पा समजून सोडू नका.

चेहरा सुजलाय, डोळा मिटतोय, नाकाला चिकट, दुर्गंधी पाणी आहे, पण मर नाही, असं असेल तर बहुधा कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. जिवाणूमुळे होते, दोन-तीन दिवसांत सगळ्या कळपात फिरते, औषधाला दाद देते. पण औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. एकाच कोंबडीचं तोंड दुपारी अचानक फुगलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं, तर गांधीलमाशी चावली असेल.

टोचाटोची

नव्या माणसाकडे सर्वात जास्त दिसणारं कारण हेच. टोचल्याची जखम तुऱ्याच्या पुढच्या भागावर, चोचीखालच्या लोंबत्या पाळ्यांवर किंवा तुऱ्याच्या टोकांवर असते. खपली लांबट किंवा तिकोनी, कडा स्पष्ट, आणि पहिल्या दिवशी ताजं रक्त. एकीला किंवा दोघींनाच असते, आणि त्या दोघी बहुतेक कळपातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या. आठवडा-दहा दिवसांत खपली आपोआप पडते. डोक्यामागची, मानेवरची पिसं गेली असतील तर ते कोंबड्याचं काम. चढताना तो तिथेच चोचीनं धरतो. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तीन कोंबड्यांमागे दोन ठेवलेत तर कोंबड्यांची डोकी उघडी पडणारच.

रक्ताचा लाल रंग बाकीच्यांना आणखी टोचायला लावतो, म्हणून जखमी कोंबडी त्याच दिवशी वेगळी करा. डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात, पण बाकीच्यांना दिसेल अशी ठेवा. पूर्ण नजरेआड ठेवलीत तर परत सोडताना ती "नवी" ठरते आणि पुन्हा मार खाते.

मग मूळ कारण शोधा. रात्रीच्या खुराड्यात कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा हवी, जास्त असेल तर उत्तमच. खाण्याचं भांडं एकच असेल तर दुसरं अशा ठिकाणी ठेवा की पहिल्या भांड्यापाशी उभ्या असलेल्या दांडगीला ते दिसू नये. हा उपाय फुकट आहे आणि जखमेवरच्या स्प्रेपेक्षा जास्त उपयोगी पडतो. मेथीची नाहीतर पालकाची जुडी उंचीवर टांगली की त्यांची चोच तिकडे गुंतते. नवी कोंबडी आणलीत तर तीन-चार आठवडे दूर ठेवा, नंतर आठवडाभर जाळीच्या पलीकडून ओळख होऊ द्या, आणि मगच रात्री अंधारात दांडीवर बसवा. हाटातून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी कळपात सोडणं हा पुढच्या निम्म्या भानगडींचा उगम आहे.

रोज त्याच जागी, त्याच उंचीवर

सुदामा नगरातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या चारही कोंबड्यांना डाव्या नाकपुडीच्या वर, चोच जिथे कातडीला मिळते तिथे, बोटभर रुंदीचं खरचटलं होतं. भरायचं, पुन्हा व्हायचं. त्यांनी देवीचं समजून कडुनिंबाचा पाला बांधून झाला, हळद लावून झाली. पण चौघींना एकाच बाजूला, एकाच उंचीवर जखम करणारा रोग नसतो. खाद्याचं भांडं जाळीच्या बाहेर होतं आणि कोंबड्या एका चौकोनातून मान आत-बाहेर करत होत्या. त्या चौकोनाची एक तार कापलेली होती. टोकाला बारीक पिसं आणि वाळकं रक्त चिकटलेलं होतं. पक्कडनं टोक वाकवलं, भांडं आत घेतलं, मलमाची गरज पडली नाही.

जखम सगळ्यांना असेल, पण ठिकाण एकच असेल, तर आधी हात फिरवून खुराडं तपासा: जाळीची टोकं, पत्र्याच्या कडा, कापलेल्या डब्याचं पाण्याचं भांडं, खिळे. पांढरं फडकं कडांवरून फिरवलं तर कुठे अडकतं ते लगेच कळतं.

देवी

इंदूरात पावसाळा संपता संपता, गणपती उठल्यापासून दिवाळीच्या आसपास, डास वाढले की देवीचा हंगाम. विषाणूचा आजार आहे. डास एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतात, शिवाय खपलीचा चुरा कातडीवरच्या बारीक जखमेत गेला तरी लागण होते. आपल्या माणसांच्या कांजिण्यांशी याचा संबंध नाही, तो माणसाला होत नाही. घरातल्या आज्यांना हे सांगावं लागतं.

ओळखायचं कसं? पहिल्यांदा तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कोपऱ्यात, पाळ्यांवर फिकट, किंचित उंच पुळ्या येतात. टोचल्याच्या जखमेत कातडी तुटलेली असते. इथे कातडी वर आलेली असते. बोट फिरवलं की फरक हाताला कळतो. त्या पुळ्या वाढतात, पिवळ्या होतात, एकमेकींत मिसळतात आणि मग चामखिळीसारख्या खडबडीत, तपकिरी-काळ्या खपल्या होतात. खरी खूण म्हणजे एकाच कोंबडीवर एकाच वेळी नवी पुळी, पिवळा फोड आणि जुनी खपली अशा वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी दिसणं. टोचाटोचीत असं होत नाही. आणि देवी कळपात सावकाश फिरते: आज एक, पाच दिवसांनी दोन, पुढच्या आठवड्यात आणखी.

एका कोंबडीला बरं व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. विषाणूवर औषध नाही. खपली ओढून काढायची नाही, खाली रक्ताळ जागा उघडी पडते आणि जिवाणू शिरतात. आपोआप पडलेल्या खपल्या मात्र झाडून गोळा करून जाळा, कारण वाळक्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. पोवीडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून बोळ्यानं टिपत राहिलं की पुरतं, डोळ्यापासून लांब.

पापण्या खपल्यांनी चिकटल्या की कोंबडीला दाणा दिसत नाही, आणि देवीनं न मेलेली कोंबडी उपाशी राहून मरते. मिठाच्या कोमट पाण्यानं दिवसातून दोनदा डोळे सोडवा, खाद्य पाण्यात भिजवून चोचीसमोर धरा, पाण्याचं भांडं रोज त्याच जागी ठेवा. या काळात अंडी कमी होतात, ते ठरलेलंच आहे. तोंडात आणि घशात पिवळा थर धरलेला असेल, मान ताणून श्वास घेत असेल, तर ती देवीची ओली, जास्त वाईट जात. थर खरवडू नका, त्या दिवशीच डॉक्टर गाठा.

लस आहे आणि चांगली आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या पिलाला पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईनं टोचतात. सात ते दहा दिवसांनी टोचल्या जागी छोटी गाठ किंवा खपली आली तर लस लागली, काहीच नसेल तर पुन्हा टोचावी लागते. हे तपासायला बहुतेक लोक विसरतात. कुपी शेकडो डोसची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून चार-पाच घरांनी एकाच दिवशी लावून घेणं सोयीचं. कळपात एखाद-दुसरीलाच देवी दिसली असेल तर बाकीच्या निरोगींना लगेच लस देता येते, डॉक्टरांना विचारा. आणि डासांचं बघा: कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, कूलरमधलं साचलेलं पाणी. खुराड्याला रात्री मच्छरदाणीचं कापड लावलं तर फरक पडतो.

बारीक किडे

डोळ्याभोवती, तुऱ्याच्या मुळाशी मिरीच्या भुकटीएवढे काळसर-तपकिरी ठिपके पुंजक्यानं दिसतात आणि बोटानं हलवले तरी हलत नाहीत? ही चिकटून राहणारी पिसू. ती डोकं कातडीत रोवून तिथेच बसते. पुष्कळजण त्याला खपली समजतात. भिंग धरा, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा: पाय दिसतात. थोडं व्हॅसलिन लावलं की त्या गुदमरून मरतात, मग चिमट्यानं काढता येतात. मांजर-कुत्र्यांवरही बसतात, म्हणून त्यांचे कानही तपासा.

तुरा फिका पडलाय, कोंबडी सकाळी मलूल असते, पण अंगावर दिवसा काहीच सापडत नाही, अशा वेळी रात्री अकरानंतर बॅटरी घेऊन खुराड्यात जा. दांडीच्या सांध्यात, विटांच्या फटीत चपटे गोचीड किंवा बारीक लाल किडे चालताना दिसतील. ते रात्री रक्त पितात, दिवसा फटीत शिरतात. इथे कोंबडीपेक्षा खुराड्यालाच उपचार हवेत: फटी चुन्यानं बुजवा, दांड्या उन्हात टाका, कीटकनाशक कुठलं आणि किती ते डॉक्टरांकडून घ्या. शेतातल्या फवारणीचं औषध अंदाजानं मारू नका.

पांढरी पूड, कोपऱ्यातल्या कोरड्या भेगा

तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग दिसले आणि धुवूनही गेले नाहीत तर ती बुरशी, गजकर्णाच्या जातीची. क्वचित माणसाला लागू शकते, हातमोजे घाला. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ खाज-गजकर्णाच्या मलमांत स्टेरॉइड असतं, ते इथे बिघाड करतं.

पिलांच्या चोचीच्या कोपऱ्यात आणि पापण्यांवर कोरड्या खपल्या येत असतील, पंखांची पिसं विस्कटलेली असतील, तर खाद्य बघा. नुसती तांदळाची कणी आणि उरलेले पोहे यांवर पिलं वाढत नाहीत, त्यात ब गटाची जीवनसत्त्वं अपुरी पडतात. शेव तर देऊच नका, मीठ फार. पिलांचं तयार खाद्य आणा.

इंटरनेटवर थंडीनं तुऱ्याची टोकं काळी पडल्याचे फोटो सापडतात. ते बर्फाच्या मुलखातले. इंदूरात कडाक्याच्या पहाटेही पारा सहसा शून्याखाली जात नाही, त्यामुळे ते निदान आपल्याकडे सोडून द्या.

रात्रीचे पाहुणे

काल संध्याकाळी धडधाकट होती आणि सकाळी डोक्यावर, मानेवर खोल भोकं, पिसं विखुरलेली: मुंगूस किंवा मांजर. मोठ्या चौकोनाच्या जाळीला टेकून झोपणाऱ्या कोंबडीला ते बाहेरूनच धरतात. उंदीर बहुधा पाय आणि मागची बाजू कुरतडतात. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डमेश (सांधलेल्या तारांची जाळी) लावा, खाली फूटभर जमिनीत गाडा. खोल चाव्याची जखम वरून लहान दिसली तरी आत चिघळते. तिला डॉक्टर हवाच.

कडकनाथ असेल तर

झाबुआ इथून जवळ, त्यामुळे इंदूरात पुष्कळांच्या परसात कडकनाथ असतो. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हौस आणखी वाढली. पण वर सांगितलेल्या निम्म्या खुणा रंगाच्या आहेत, आणि याचा तुरा, पाळ्या, चेहऱ्याची कातडी, अगदी जीभसुद्धा काळी. फिकेपणा दिसत नाही, निळेपणा दिसत नाही, काळ्यावर काळी खपली दिसत नाही.

इथे बॅटरी समोरून न मारता बाजूनं, कातडीला जवळजवळ समांतर धरा. उंच पुळीची सावली पडते. निरोगी तुऱ्याला ओलसर, मऊ चमक असते, खपली निस्तेज आणि कोरडी दिसते. मग बोटाच्या पेरानं तुरा मुळापासून टोकापर्यंत चाचपा, दोन्ही बाजूंनी. शेवटी पांढरा ओला कापूस दाबून बघा: रक्त आलं असेल तर तो लाल होईल. तुरा नेहमीपेक्षा गरम किंवा गार लागतोय का, तेही लक्षात ठेवा. निरोगी असताना आठवड्यातून एकदा हात फिरवायची सवय लावलीत तर फरक कळतो. आजारी पडल्यावर पहिल्यांदा हात लावला तर तुलना कशाशी करणार?

आता काय लावायचं

साधी टोचल्याची किंवा खरचटल्याची जखम: मिठाचं पाणी, पातळ पोवीडोन आयोडीन, वाळली की खोबरेल तेलात चिमूटभर हळद. रक्ताचा लाल रंग झाकायला गुरांच्या जखमेवरचा जांभळा किंवा चंदेरी स्प्रे चालतो, पण तोंडावर थेट फवारू नका. बोळ्यावर घेऊन टिपा.

घासलेट, जळकं ऑइल, दाट डेटॉल, फिनाइल यांतलं काहीही चेहऱ्याजवळ नको. बधिर करणारी मलमंही नकोत, पक्ष्याला त्यांची मात्रा सहज जास्त होते. आणि माणसाच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या पाण्यात कुस्करून देण्याची पद्धत बंद करा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

दोन दिवसांत जखम वाढली, डोळ्यात गेली, पू किंवा वास आला, कोंबडीनं खाणं टाकलं, किंवा तिसऱ्या पक्ष्याला तसंच दिसलं, तर दवाखाना. इंदूरात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि अवघड वाटलं तर वीस-पंचवीस किलोमीटरवर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना रोजचे फोटो, खाद्याच्या पिशवीवरच्या लेबलचा फोटो, लसीची तारीख आणि शेवटची नवी कोंबडी कधी, कुठून आणली ते लिहून न्या. पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, खाली वर्तमानपत्र घालून न्या. आणि निघण्याआधी चेहऱ्यावरचं हळद-तेल पुसून टाका. डॉक्टरांना कातडी दिसायला हवी, पिवळा लेप नव्हे.